‘चंगळ’ या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या माझ्या शेजारीणबाईंच्या दुसऱ्या महायुद्धातल्या तरुणपणावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही.

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. जून १९४१मध्ये ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं तेव्हा वर्षाला माणशी ६६ कूपनं मिळत. मी ६० लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

पण पुढे तुम्ही म्हणता, “नवरा लढाईवर, हातात पगार, विचारणारं कोणी नाही. त्या पोरींची चंगळच होती, उगाच रडगाणं लावलंय.” लेख पटला नाही, हे मी समजू शकते. पण जिच्या हातचा चहा मी नऊ वर्षं प्यायले, तिच्या तरुणपणाला चंगळ? टोपणनावाआडून असं लिहायला काही लागत नाही. स्वतःच्या आजीबद्दल लिहाल हा शब्द?

मुळात ती कामावर हौसेने गेली नव्हती. डिसेंबर १९४१च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या बिनलग्नाच्या मुलींवर सक्ती आली. ती तेव्हा २० वर्षांची. विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात रात्रपाळी, आणि तीही कुठल्या शहरात? १४ नोव्हेंबर १९४०च्या एका रात्रीत जिथे ५००हून अधिक माणसं मेली आणि कॅथीड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या, त्या शहरात. शेजारच्या यंत्रावरच्या पुरुषाला तिच्या जवळजवळ दुप्पट पगार. बॉम्बने जखमी झालेल्या बाईला भरपाईसुद्धा पुरुषापेक्षा आठवड्याला ७ शिलिंग कमी. ती बरोबरीची व्हायला १९४३ उजाडलं.

लग्न झालं ते नवऱ्याच्या ४८ तासांच्या रजेत, मैत्रिणीचा झगा मागून आणून. केकवर आयसिंग करायला बंदी होती, म्हणून एवढ्याशा केकवर पुठ्ठ्याचा पांढरा केक पालथा घातलेला. फोटोत तो तीन मजली दिसतो. नवरा ब्रह्मदेशात गेला तो १९४६मध्ये परतला. तीन वर्षांचा मुलगा रोज रात्री आईला विचारायचा, हा माणूस त्याच्या घरी कधी जाणार? युद्ध संपल्यावर सरकारी मदत आटली, बरीच पाळणाघरं बंद झाली, त्यांत त्याचंही गेलं. ती घरी बसली.

आणि हातातल्या पगाराचं मला सांगू नका. माझे यजमान बोटीवर असायचे, आठ-आठ महिने. डोंबिवलीच्या एका खोलीत मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी. तिला १०३ ताप असताना शेजारच्या काकूंच्या मांडीवर ठेवून मी सात बाराची लोकल पकडलेली आहे, कारण रजा मागितली तर साहेब सगळ्यांसमोर बोलायचे. एक तारखेला पगार मिळायचा, खरं आहे. विचारणारं कोणी नसायचं, हेही खरं आहे. रात्री दोन वाजता ओल्या पट्ट्या बदलतानाही कोणी नसायचं.

बंगालच्या दुष्काळाचं आणि ‘गोऱ्यांच्या कौतुका’चं तुम्ही जे लिहिलंय, त्यात मी शिरणार नाही. लेख एका बाईवर होता.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. तो एक शब्द मागे घेतलात तर तेही तिच्याखालीच छापेन. फक्त या वेळी स्वतःच्या नावाने लिहा.