फारम, शपथपत्र आणि डब्लिनचं खूळ

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कोणीतरी तृतीयपंथींच्या ओळखपत्राची बातमी टाकली. खाली लगेच उमटलं, "फारम भरून कोनी बाई होते काय बे? हे सारं तिकडच्या गोऱ्यायचं खूळ." तिकडचं म्हणजे मी राहतो तिथलं, आयर्लंडचं. म्हणून हे उत्तर.

आधी खुळाच्या तारखा. किल्डेअरमधल्या अथाय गावच्या दंतवैद्य लिडिया फॉय यांनी १९९३ मध्ये जन्मदाखल्यावर आपली नोंद स्त्री अशी करून मागितली. निबंधकांनी नकार दिला. १९९७ मध्ये त्या हायकोर्टात गेल्या आणि जुलै २००२ मध्ये हरल्या. गंमत अशी, की दोनच दिवसांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अशाच प्रकरणात ब्रिटनला चूक ठरवलं. २००७ मध्ये डब्लिनच्या हायकोर्टालाही आपला कायदा युरोपीय मानवाधिकार करारात बसत नाही, असं जाहीर करावं लागलं. सरकारने अपील केलं, २०१० मध्ये मागे घेतलं, मग पुन्हा चालढकल. लिंग-ओळख मान्य करणारा कायदा आला २०१५ मध्ये. पहिलं प्रमाणपत्र फॉय यांनाच मिळालं, बावीस वर्षांनी.

आपली लिंग-ओळख स्वतः ठरवायचा तृतीयपंथींचा हक्क मान्य करणारा आपल्या सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. वर्षभर आधीचा! आणि आयरिश कायद्यात आजही स्त्री नाहीतर पुरुष, तिसरा रकानाच नाही. तेव्हा कोणी कोणाचं खूळ उचललं, ते ग्रुपवरच्या विद्वानांनी सांगावं.

आता इथली पद्धत. अठरा वर्षांवरच्या माणसाने शपथेवर लिहून द्यायचं, की उरलेलं आयुष्य मी याच ओळखीने जगणार आहे, परिणाम मला कळतात आणि हे मी स्वखुशीने करतोय. पीस कमिशनर (सह्या साक्षांकित करणारा मानद अधिकारी) किंवा सॉलिसिटर म्हणजे वकिलासमोर सही, मग अर्ज सोशल प्रोटेक्शन या सरकारी खात्याकडे. डॉक्टर नाही, शस्त्रक्रिया नाही. त्या प्रमाणपत्रावर नवा जन्मदाखला निघतो.

आपल्याकडे तृतीयपंथींसाठी २०१९ चा कायदा झाला आणि २०२० चे नियम आले, तेव्हा पहिली पायरी अशीच होती: पोर्टलवर अर्ज, सोबत शपथपत्र, जिल्हाधिकाऱ्यांनी तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं, वैद्यकीय तपासणी करायची नाही. हे त्या कायद्याचं कलम ६. पण त्यावर नोंद मिळायची तृतीयपंथी अशी. 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल तर कलम ७, आणि तिथे मात्र दवाखान्याचा कागद लागायचा. शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नका, असं नालसा निकालात स्पष्ट असताना! खाली कचेरीतल्या टेबलावर या दोन कलमांची सरमिसळ झाली, की साध्या शपथपत्रावर व्हायचं काम सिव्हिल सर्जनच्या दारात जाऊन अडकायचं.

खरी खोच रहिवासात होती. २०२० च्या नियमांत अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहणारा हवा होता. यवतमाळ, वाशीमच्या खेड्यातून घरच्यांनी हाकललेलं पोर नागपुरात तृतीयपंथी गुरूच्या आसऱ्याला राहतं. तिथे भाडेकरार नाही, लाइटबिल गुरूच्या नावे. आधारवर पत्ता गावचा, आणि गावचा रहिवासी दाखला आणायचा तर ज्या बापाने हाकललं त्याच्याच दारावरून जायचं. बरं, प्रमाणपत्र मिळालं तरी शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी यांवर जुनंच नाव. एका अक्षराचा फरक पडला तरी शिष्यवृत्ती अडते. म्हणून नाव बदलायचं असेल तर राजपत्राची प्रत आधी हातात घ्यावी, आधार त्यानंतर. आधारवरचं लिंग सहसा एकदाच बदलून मिळतं.

आणि खेड्यात हे चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी: बुलढाण्याला खेटून असलेल्या जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक आहे. तिथे तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीच्या महिला जागेवरचा अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्या निवडून आल्या. डब्लिनहून कोणी प्रचाराला गेलं नव्हतं.

"तिकडे बसून शिकवू नका," हे पुढचं वाक्य मला माहीत आहे. कबूल, इथून बोलणं सोपं आहे. डब्लिनच्या लुआस ट्राममध्ये शेजारी कोण बसलंय याकडे कोणी बघत नाही, आणि त्या न बघण्याचा फायदा मीही रोज घेतो. गावाकडे मला ते कधी जमलं असतं, असं वाटत नाही. पण फारमाचंच बोलायचं तर मी काय वेगळा? स्टॅम्प ४ या इथल्या राहण्याच्या परवान्यावर वर्षं काढली, शपथ घेतली आणि आयरिश झालो. पुन्हा अर्ज केला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आलं. दोन फारमांत माझा देश गेला आणि अर्धामुर्धा परतही मिळाला. शपथ मनापासून घेतलीस का, हे ग्रुपवर कोणी विचारलं नाही, उलट पेढे मागितले. आता गावचं वावर मला वारसाने मिळेल, विकत घेता येणार नाही. फेरफार करताना तलाठी मला फार तर कोणत्या देशाचा म्हणून विचारेल. बाप्या आहेस कशावरून, असं विचारणार नाही.