घरात पुरुष माणूस नाही ना, म्हणून!

सहामाहीच्या पालकसभेत बाईंनी लेकाचा गणिताचा पेपर माझ्यापुढे सरकवला. ४० पैकी १३. शेजारी दोन पालक बसलेले, त्यांच्यादेखत म्हणाल्या, "घरात पुरुष माणूस नसला की मुलांना धाक राहत नाही हो." तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आज बोलते.

मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली. मी नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत कंपनीत आहे. सेकंड शिफ्ट असली की सिडकोत घरी पोचायला रात्रीचे बारा वाजतात. परवा आले तर लेक झोपलेला, वही उघडीच. दशांश अपूर्णांकाचा भागाकार अर्धा सोडलेला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, "आई हे सांग." सकाळी सातला त्याची शाळा. साडेबाराला तो येतो, दोनला माझी बस. तेवढ्यात जेवण, डबा, पाणी आणि गणित! त्याला धाक कशाला हवाय? संध्याकाळी सात वाजता शेजारी बसणारं माणूस हवंय.

२००३ साली पाँग, ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ देशांतल्या तिसरी-चौथीच्या मुलांचं गणित आणि विज्ञान त्यांनी तपासलं. एका पालकाची मुलं आणि दोन पालकांची मुलं यांच्यातला फरक अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये सगळ्यात वाईट निघाला. जिथे सरकारी धोरणं दोन्ही घरांतली आर्थिक दरी कमी करतात, तिथे मुलांचं नुकसानही कमी. म्हणजे एकच पालक असणं सगळीकडे मुलांना सारखंच मागे ओढत नाही. मग दोष एकट्या आईच्या पदरात का टाकता?

आपल्याकडेही बालसंगोपन योजना आहे. एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २२५० रुपये, आधी ११०० होते. चांगलीच योजना आहे. पण उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, मृत्यू दाखला, मुलासोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो, हे सगळं जमवताना माझे चार खाडे झाले आणि हजेरीचा बोनस गेला. हे कागद शाळेतच का घेत नाहीत? बोनाफाईड तर तिथलंच असतं. पैसे दरमहा, ठरल्या तारखेला का येत नाहीत? आणि सातपूर-अंबडच्या आसपासच्या शाळांचे दोन वर्ग संध्याकाळी आठपर्यंत उघडे ठेवून एखादा शिक्षक बसवला, तर किती मुलांच्या वह्या पूर्ण होतील!

सिडकोत कुणा एकट्या आईला बालसंगोपनचा अर्ज भरायचा असेल तर मेसेज करा. रविवारी मी घरीच असते. कुठला कागद कुठे मिळतो ते मला आता पाठ झालंय.