सरकारी बाळंतपण म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी

परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी डिलिव्हरी पॅकेजची जाहिरात टाकली, सूट रूम, फोटोशूट, केक, सगळं त्यातच. खाली एकाने लगेच लिहिलं की नशीब आपलं, आपल्या आयांसारखं सरकारी खाटेवर पडायची वेळ आपल्या बायकांवर आली नाही. अरे बाबा, ती खाट मिळाली हेच त्या काळी मोठं नशीब होतं!

खाट नाही तर काय होतं? घरातली सगळ्यात अंधारी खोली, शेगडीचा धूर, सुईण, आणि नाळ कापायला जे हाताला लागेल ते, विळा नाहीतर वापरलेलं ब्लेड. सुईणीला नावं नाही ठेवायची मला, तिच्या हातात कसब होतं, आडवं आलेलं मूल नुसतं पोट चाचपून ओळखणाऱ्या बायका होत्या त्या, पण त्या विळ्यामुळे बाळाला धनुर्वात व्हायचा आणि पहिल्या दोन आठवड्यांतच मूल जायचं, मग सटवाईला बोल लावायचा. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटला असं जाहीर झालं ते 2015 साली, म्हणजे अगदी कालपरवा.

आपल्या पुण्याचंच बघा. फुले पती-पत्नींनी 1863 मध्ये स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, गरोदर विधवांनी इथे येऊन गुपचूप, सुखरूप बाळंत व्हावं म्हणून, आणि तशा जाहिराती भिंतींवर लावल्या. तेव्हा औषधाच्याही आधी गरज होती ती कुठलेही प्रश्न न विचारता उघडणाऱ्या दाराची. मग 1909 मध्ये रमाबाई रानड्यांचं सेवासदन आलं, त्यांनी बायकांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये पाठवलं, चांगल्या घरच्या बाईने परक्यांची घाण काढायची म्हणजे काय असं म्हणणाऱ्या गावात! रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल 1912 चं. डॉ. बानू कोयाजी 1944 साली तिथे आल्या तेव्हा ते 40 खाटांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं, पुढे त्यांच्याच काळात ते साडेपाचशे खाटांचं झालं.

आता माझ्या मावशीचं सांगते. ती सत्तरच्या दशकात पेठेतल्या एका प्रसूतिगृहात सिस्टर होती (कुठल्या ते नाही सांगणार, पुढे तक्रारी पण लिहिणारे). तिला विचारलं की तेव्हा सगळ्यात जास्त कशाची अडचण होती, तर मला वाटलं म्हणेल डॉक्टर नाहीत, मशीन नाही. ती म्हणाली, "कपडे वाळायचे नाहीत गं." पावसाळ्यात चादरी, ड्रेपा (बाळंतपणाच्या वेळी बाईच्या अंगावर घालायची कापडं), बाळाला गुंडाळायची फडकी, सगळं ओलं, आणि ओलं कापड ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, ड्रममध्ये घालून चालत नाही, मग जिन्यात, व्हरांड्यात, ऑफिसमध्ये सुद्धा दोऱ्या बांधायच्या. पाणी सकाळी यायचं तेवढं पिंपात भरून ठेवायचं, आणि रात्री लागोपाठ बाळंतपणं झाली की पहाटे हात धुवायलाही मोजून मग. ग्लोव्हज वापरून फेकायचे ही चैन नव्हती. धुवायचे, हवा भरून गालाशी धरून बघायचं कुठून गळतंय का, भोक सापडलं तर जुन्या ग्लोव्हचा तुकडा चिकटवायचा, पावडर मारून परत ड्रममध्ये. सायकलींच्या गावात पंक्चर काढणं कुणाला नवीन होतं म्हणा. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, पॅड सुद्धा कापूस आणि गॉज कापून रिकाम्या वेळात बसून करायचे, आणि रिकामा वेळ म्हणजे कुठला ते देव जाणे.

आणि रक्त. बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोन तासांत जाऊ शकते, आणि रक्त दुसरीकडे, नातेवाईक गावाकडून आलेले, त्यांना रस्ता माहीत नाही, रक्त द्यायला घाबरतात. मग पैसे घेऊन रक्त देणारे शोधायचे. त्यावर बंदी आली 1998 पासून, म्हणजे तोपर्यंत बाईचा जीव कोण कुठे रक्त विकायला तयार आहे त्यावर.

तक्रारींचं म्हणाल तर आहेतच. कळा देणाऱ्या बाईवर ओरडायचं, नको ते बोलायचं, मुलगा झाला की आयाने बक्षिसीला हात पुढे करायचा आणि मुलगी झाली की तोंड फिरवायचं. मावशी म्हणते आम्ही थकलेलो असायचो, एका खाटेवर दोघी आणि खाली गाद्या टाकून आणखी. थकलेल्या असणारच, पण ओरडण्याला ते कारण मी मानत नाही, आजही नाही.

पण म्हणून खासगी म्हणजे चांगलं असं होत नाही. 2019-21 च्या एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य) सर्व्हेत देशात खासगी हॉस्पिटलमधली जवळपास 47 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली, सरकारीत 14 टक्के. सरकारीत काही ठिकाणी सिझर करायची सोयच नसते हे मान्य, पण दर दोन बायकांमागे एकीचं पोट कापायची गरज असते यावर माझा तरी विश्वास नाही.

माझं म्हणणं एवढंच की सरकारी प्रसूतिगृह बिल्डिंगवर नाही चालत, ते लॉन्ड्री, पाणी, रात्रपाळीची आया आणि जवळचं रक्त यावर चालतं, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी कापलं जातं. कोनशिलेला नाव लागतं, फ्लेक्स लागतात, ब्लड स्टोरेजच्या फ्रीजचा फ्लेक्स कुणी बघितलाय का? रिटायर झालेल्या आयाची जागा वर्षानुवर्षं भरली नाही तर बातमी पण होत नाही. प्रभागात मतं मागायला येतील त्यांना मी तरी विचारणार आहे, रात्री दोन वाजता तुमच्या प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ कोण असतो आणि त्याला यायला किती वेळ लागतो ते सांगा.