जुना संगणक म्हणजे जुना ब्राउझर नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वेबसाइट जुन्या ब्राउझरवर आणि जुन्या संगणकांवरही चालली पाहिजे, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. कालबाह्य ब्राउझर धोक्याचे असतात, त्यांना सांभाळून घेणं म्हणजे तो धोका पोसणं. मूठभर लोकांसाठी दुप्पट काम पडतं. आणि या नादात नवं सीएसएस (पानाची मांडणी आणि रूप ठरवणारी भाषा) वापरायचं राहून जातं. शिवाय शेवटी तुम्ही म्हणता, फोटो संपादनासारख्या साधनांना हे लागूच होत नाही.

सुरक्षेबद्दल तुमचं बरोबर आहे. लेखात मी ‘कोणत्याही ब्राउझरवर’ असं लिहिलं, ते चुकलं. टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधला संवाद सुरक्षित ठेवणारी पद्धत. तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. ज्या ब्राउझरला टीएलएस १.२सुद्धा येत नाही, त्याच्यासाठी सर्व्हरची सुरक्षा सैल करा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण तुम्ही जुना संगणक आणि जुना ब्राउझर एकच धरलेत. दोन जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स आणि ताजं फायरफॉक्स असेल, तर त्या माणसाने सुरक्षेत काहीच कसूर केलेली नाही. तरीही आपलं पान त्याच्याकडे अडखळतं. दोनशे केबीचा फोटो आणि दोनशे केबीचं जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा पानाचा प्रोग्रॅम, म्हणजेच स्क्रिप्ट) यांचं वजन सारखं नसतं. फोटो उलगडला की काम संपतं. स्क्रिप्ट मात्र उतरल्यावर वाचायची, कंपाइल करायची, चालवायची, आणि तेवढा वेळ पान कशालाच दाद देत नाही. मंद प्रोसेसरवर हा वेळ चांगलाच जाणवतो.

उलट बाजूही बघा. विंडोज ७वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३मध्ये ११० आली आणि तो रस्ता बंद झाला. अशा माणसाला ‘ब्राउझर अपडेट करा’ असं सांगणं म्हणजे बहुतेक वेळा नवा संगणक घ्या म्हणणं. आणि संगणक ऑफिसचा असेल, तर काही इन्स्टॉल करायची परवानगीच त्याच्याकडे नसते.

सीएसएसचा आक्षेप मला मुळीच पटला नाही. न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो, ही सोय सीएसएसच्या नियमांतच आहे. आधी फ्लोटची, म्हणजे घटक शेजारी-शेजारी लावण्याच्या जुन्या पद्धतीची, साधी मांडणी लिहा, मग ‘@सपोर्ट्स’च्या (ब्राउझरला अमुक येतं का, हे तपासणारी अट) आत ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांची नवी मांडणी. इंटरनेट एक्सप्लोरर ११ला ‘@सपोर्ट्स’च कळत नाही, त्यामुळे तो अख्खा भाग ओलांडून साधी मांडणी दाखवतो. नव्या ब्राउझरमध्ये ग्रिडच्या आतल्या घटकांचे फ्लोट आपोआप निकामी होतात. जुन्या मांडणीसाठी दिलेली रुंदी तेवढी आठवणीने काढून टाकावी लागते. यात नवं काहीच सोडावं लागत नाही.

जावास्क्रिप्ट इतकं क्षमाशील नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका अर्जाच्या पानावर मी पाठवण्याचं बटण ‘डिव्ह’ने (स्वतः काहीच न करणारा साधा चौकोन) बनवलं होतं आणि त्याचं सगळं काम स्क्रिप्टवर सोपवलं होतं. त्या फाइलमध्ये एका ठिकाणी ‘?.’ हे चिन्ह होतं. २०२०च्या आधीच्या ब्राउझरना ते ओळखता येत नाही, आणि व्याकरणाची एक चूक दिसली की ते पूर्ण फाइलच नाकारतात. चुका नोंदवणारा कोडही त्याच फाइलमध्ये, म्हणून आमच्याकडे एकही नोंद आली नाही. ‘बटण दाबतोय, काहीच होत नाही’ असा फोन आला, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्या इंटरनेटला दोष देत बसलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुरुस्तीला एक दुपार लागली. खरा फॉर्म, खरं सबमिट बटण, आणि माहितीची तपासणी सर्व्हरवर. ती तपासणी तिथे आधीच होती, असावीच लागते. स्क्रिप्ट आता फक्त भरताना चुका लगेच दाखवते. ती नाही चालली तरी अर्ज जातो. दुप्पट काम पडतं ते तयार साइटला नंतर ठिगळं लावताना. सुरुवातीपासून या क्रमाने बांधलं, तर एवढा भार पडत नाही.

आणि हे लोक ‘मूठभर’ तरी नेमके कोण? ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३मध्ये त्यांच्या साइटवर मोजलं होतं. १.१ टक्के भेटींत जावास्क्रिप्टच्या सोयी पोहोचत नव्हत्या. त्यांपैकी जावास्क्रिप्ट बंद असलेले किंवा ते न चालवणारे ब्राउझर फक्त ०.२ टक्के. उरलेल्या ०.९ टक्क्यांत ब्राउझर सक्षम होता, स्क्रिप्टच कुठेतरी अडकली होती. तुटलेलं कनेक्शन, ऑफिसची फायरवॉल, एखादं एक्स्टेन्शन, कारण काहीही असू शकतं. म्हणजे अत्याधुनिक फोन हातात असूनही तुम्ही-मी कधीही त्या मुठीत सापडू शकतो.

फोटो संपादनासारख्या साधनांना हे लागू होत नाही, हा तुमचा शेवटचा मुद्दा मान्य. तिथे स्क्रिप्ट हेच काम आहे. फक्त पान कोरं राहू देऊ नका. काय चालणार नाही आणि का, हे साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टशिवायही दिसणाऱ्या मजकुरात, दोन ओळींत लिहा.

मूळ लेखातलं ‘कोणत्याही ब्राउझरवर’ काढून ‘टीएलएस १.२ येणाऱ्या कोणत्याही ब्राउझरवर’ असं केलं आहे. दुरुस्ती तुमच्यामुळे झाली, हेही तिथे नोंदवलं आहे.