सव्वा लाख बळी सुपरमॅनच्या खात्यावर कसे?

‘मॅन ऑफ स्टील’ हा सुपरमॅनचा सिनेमा २०१३ मध्ये आला, तेव्हापासून त्यातल्या मेट्रोपोलिस या काल्पनिक शहराबद्दल एक वाक्य फिरतंय: ‘सुपरमॅनने मेट्रोपोलिसमध्ये १ लाख २९ हजार माणसं मारली आणि २ लाख कोटी डॉलरचा चुराडा केला.’ आकडे हवेतले नाहीत. आपत्तीतल्या नुकसानीचा अंदाज काढणाऱ्या वॉटसन टेक्निकल कन्सल्टिंग या कंपनीने ते तेव्हा काढले होते, पण सिनेमातल्या परग्रहवासीयांच्या अख्ख्या हल्ल्याचे. त्यावर सुपरमॅनचं एकट्याचं नाव चिकटवलं ते मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी.

मारलं कोणी? शहर सपाट करणारा गुरुत्वाचा झोत खलनायक झॉडच्या अंतराळ जहाजातून येत होता. तेव्हा सुपरमॅन पार हिंदी महासागरावर जोडीचं यंत्र फोडत होता. त्याच्या नावावर लागतं ते नंतरचं: झॉड चालवत असलेलं टेहळणी जहाज त्याने शहरावरच पाडलं, मग इमारतींच्या आरपार मारामारी. हे थोडं नाही, पण वेगळं मोजा.

वॉटसनच्या हिशेबात बेपत्ताही अडीच लाख आहेत, म्हणून पुढचा दावा: ‘बेपत्ता अडीच लाखही मेलेच धरा.’ हिशेब सर्वांत जास्त फसतो तो इथे. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कमधल्या बेपत्तांची यादी सहा हजारांच्या वर गेली होती. मृतांचा अंतिम आकडा २,७५३. एकाच माणसाची नोंद बायको करते, ऑफिस करतं, परगावचा भाऊही करतो, तीही तीन स्पेलिंगांनी. माणूस सापडतो, पण यादीतलं नाव कोणी खोडत नाही. जन्मतारीख आणि पत्ता जुळवून दुबार नावं काढल्याशिवाय ती यादी मृतांत मिळवायची नसते.

‘इमारत पडली म्हणजे आतले सगळे गेले.’ ११ सप्टेंबरच्या त्या सकाळी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन्ही टॉवरमध्ये मिळून सुमारे १७,४०० लोक होते. विमान धडकलेल्या मजल्यांच्या खालचे जवळपास ९९ टक्के वाचले, कारण टॉवर ५६ आणि १०२ मिनिटं उभे राहिले. मेट्रोपोलिसच्या इमारती काही सेकंदांत बसतात. म्हणून मजले गुणिले माणसं करण्याआधी जहाज दिसल्यापासून पहिला दणका बसेपर्यंतची मिनिटं धरा. उत्तर सुपरमॅनच्या बाजूने येईलच असं नाही.

‘२० किलोटनच्या अणुबॉम्बइतका धक्का.’ बॉम्बची दाबलाट बाहेर जाताना ओसरते. हा झोत एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबतो. शिवाय हिरोशिमात हवेतल्या स्फोटाच्या बरोबर खालच्या जागेपासून जेमतेम १६० मीटरवरची घुमटाची इमारत आजही उभी आहे. नकाशावर वर्तुळ काढून आतलं सगळं भुईसपाट धरता येत नाही.

आता पैसे. वॉटसनच्या अंदाजात मालमत्तेचं नुकसान ७० हजार कोटी डॉलर; २ लाख कोटी हा एकूण आर्थिक फटका. असा फटका काढताना इमारतीची किंमत धरली आणि तिचं कायमचं बुडालेलं भाडंही धरलं, तर एकच तोटा दोनदा लागतो, कारण पुढच्या भाड्याचं आजचं मोल म्हणजेच ती किंमत. बांधकामाचा खर्च धरा आणि भाडं फक्त नवी इमारत उभी राहीपर्यंतचं.