“केबल भंगार, आवाज फाटतो” या अभिप्रायावर दुकानाचं उत्तर

नमस्कार,

म्युझिक प्लेयर घरच्या ॲम्प्लिफायरला जोडला तर आवाज फाटतो, बेस नुसता घुमतो, गाणं थांबलं तरी घूंऽऽ चालूच राहतं, आणि दुकानात विचारलं तर “लाल-पांढरं जुळवा” एवढंच सांगितलं, असं तुम्ही लिहिलंत. या शेवटच्या गोष्टीबद्दल आधी माफी मागतो. ते सांगणं अर्धवट होतं आणि चूक आमची आहे.

तुम्ही मागच्या बाजूचा फोटो टाकलात ते फार बरं केलंत. मोठा करून पाहिला. लाल पिन लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात, अगदी बरोबर. पण ती जोडी ‘फोनो’ची आहे, शेजारी अर्थिंगच्या वायरचा छोटा स्क्रूही दिसतोय. नावामुळे खूप जण फसतात. ती जागा रेकॉर्ड प्लेयरची. रेकॉर्डच्या सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून तिथे सिग्नल साधारण १०० पट वाढवतात, शिवाय रेकॉर्डवर गाणं कोरताना मुद्दाम कमी केलेला बेस परत वर उचलतात. तुमच्या प्लेयरच्या हेडफोन जॅकमधून मुळातच त्याच्या शंभरेक पट मोठा सिग्नल निघतो. तो तिथे शिरला की फाटणारच, केबल कितीही चांगली असो.

ॲम्प्लिफायर बंद करून त्याच दोन पिना ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ला लावा आणि पुढचा सिलेक्टर त्याच नावावर आणा. ‘टेप’ वापरणार असाल तर ‘इन’ किंवा ‘प्ले’ची जोडी घ्या, ‘रेक’ची नको, तिथून सिग्नल बाहेर जातो. प्लेयरचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा, कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरच करा. प्लेयरमधला इक्वलायझर सुरुवातीला बंद असू द्या.

आता ते घूं. फोटोत प्लेयर चार्जिंगला लावलेला दिसतोय. पिना हलवल्यावरही घूं राहिलं, तर चार्जर काढून ऐकून बघा. लगेच थांबलं, तर तो ग्राउंड लूप आहे: चार्जर आणि ॲम्प्लिफायर दोन्हीकडून अर्थिंग जोडलं जाऊन ५० हर्ट्झची गुणगुण आत येते. ऐकताना चार्जर काढलेला बरा. चार्जिंगवरच ऐकायचं असेल तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे केबलमधून येणारी ही गुणगुण अडवणारी छोटी डबी, लावता येतो. अर्थिंगची पिन तोडा, असं कुणी सुचवलं तर कृपया ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

एवढं करूनही आवाज फाटला तर केबल आणि प्लेयर घेऊन या. तुमच्यासमोर आमच्या ॲम्प्लिफायरवर लावून बघू. दोष केबलचा निघाला तर बदलून देतो, नको असेल तर पैसे परत. काउंटरवरच्या मुलांना कालच सांगितलंय: केबल देण्याआधी गिऱ्हाइकाला ॲम्प्लिफायरच्या मागे काय काय लिहिलंय ते विचारायचं. तुमचा अभिप्राय बदला असं म्हणणार नाही, पण पिना हलवल्यावर काय झालं ते जरूर कळवा.