गोळी, भाकर आणि फिलिप्पै ४:६

आठवडाभर आमच्या नगरच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद चाललाय. आतेबहिणीच्या मुलीला डॉक्टरांनी चिंतेवर गोळ्या लिहून दिल्या, तर चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे घरी येऊन सांगून गेले, "गोळी घेतेस म्हणजे विश्वास कमी पडला." कुणीतरी लगेच बायबलमधलं फिलिप्पै ४:६ हे वचन टाकलं: "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." खाली आमेनची रांग.

मी इंग्लंडात, लीड्समध्ये, पहाटे कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना ते वाचलं आणि डोकं फिरलं.

अहो, ते वचन तिथे संपत नाही. पुढे आपली मागणी देवाला कळवा, असं आहे. मागणी कोण करतो? ज्याला काही खुपतंय तोच ना! प्रेषित पौलाने हे लिहिलं तुरुंगातून. हाच पौल करिंथकरांना कळवतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्या डोक्यावर आहे. त्याचा विश्वास कमी पडला का? आणि एलीया संदेष्टा? झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. निखाऱ्यावरची भाकर! नगरकरांना आणखी काय सांगायचं?

मग मी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. इथे कसं, जीपीकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायचं, चिंतेवरचे सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला २१ पैकी १६. सर्ट्रालीनची गोळी सुरू. चर्चमध्ये व्हिकरबाई, म्हणजे आमच्या पाळकबाई, गुडघ्याची चौकशी करावी तशी गोळीची करतात. (थेरपीचा नंबर लागायला अकरा आठवडे गेले आणि त्या चर्चमध्ये रविवारी आम्ही जेमतेम चौदा डोकी असतो, हे अर्थातच लिहिलं नाही.)

थेरपिस्ट म्हणाली, काळजीला रोजची वेळ ठरवून द्या. मी सहा ते साडेसहा दिली. डोक्यात येईल ते वहीत लिहायचं, साडेसहाला वही बंद. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं वचन चाळिशीत पहिल्यांदा कामाला आलं. वही मिटली की "हे आमच्या स्वर्गातील पित्या", मराठीतच. इंग्रजीत म्हटलं की ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतोय असं वाटतं. 'धस्स होतं' हेही थेरपिस्टबाईंना कधी सांगता आलं नाही. छातीत काहीतरी पडतं म्हणालो, तर त्यांनी ईसीजी काढलाय का विचारलं.

उत्तर अजून पाठवलेलं नाही. गटावर आई आहे. माझ्या गोळ्यांचं तिला तीन वर्षांत सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉल आला की पाकीट ब्रेडच्या डब्यामागे जातं.

भाचीला तेवढा वेगळा मेसेज केला. काहीतरी खाऊन घेत जा गोळी, रिकाम्या पोटी मळमळतं.

तिचं लगेच आलं, "मामा, तुम्हाला कसं माहीत?"